अडीच तास पुढे

नाशिकला सासूबाई अजूनही शेजारणींना सांगतात, की सून दोह्यात ऑफिसात जाऊन गेम खेळते. त्यात खोटं काही नाही. वेस्ट बेमधल्या एका टॉवरमध्ये, एसीच्या गारठ्यात शाल पांघरून, मी दिवसभर फोनवर एकच गेम खेळायचे. फक्त तो जिंकायचा नसायचा, मोडायचा असायचा. जिथे दार नाही त्या भिंतीवर पुन्हा पुन्हा धडकायचं, नाव लिहायच्या जागी नुसते स्वल्पविराम भरायचे, होडी वादळात सापडली की मुद्दाम फोन बंद करायचा, आणि गेम कुठे गडबडतो ते वर कळवायचं. मी मुळातच काळजीखोर. कुलूप लावलं की चारदा ओढून बघणारी, गॅस बंद केला की जिन्यातून परत वर जाणारी. हा स्वभाव माहेरी-सासरी चेष्टेचा विषय होता. इथे मला त्याचा पगार मिळत होता.

आणि त्या पगारावर तेव्हा आमचं सगळं घर उभं होतं. नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पावर वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. पाइपांचे जोड तपासून पास की नापास ते ठरवायचं, हे त्याचं काम. ते प्रोजेक्ट संपलं, कंपनीने माणसं कमी केली, आणि बरीच खटपट करून तो आणि मुलगी माझ्या व्हिसावर आले. पहिल्या दिवशी त्याने आयडी कार्ड माझ्यासमोर धरून, “आता मी तुझा डिपेंडंट,” असं म्हणत हसून दाखवलं होतं. पुढे ते हसणं कमी होत गेलं. माझी नोकरी अजून कच्ची होती, प्रोबेशनवर. गेम बाजारात आला की कायम करू, असं मला तोंडी सांगितलेलं. कायम झाले नाही, तर मुलीची दहावी अर्धवट टाकून तिघांनी परत जायचं. हे आम्ही घरात मोठ्याने बोलत नसू, पण चहा पितानाही ते मध्ये बसलेलं असायचं.

गेम लहान मुलांचा होता. समुद्रात बुडी मारून मोती काढणारा एक मुलगा; मोती जमले की त्याने आपलं बंदर वसवायचं, एकेक घर, एकेक होडी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तो आला पाहिजे असं ठरलं होतं, म्हणजे मुलं सुट्टीभर खेळतील. तारीख जवळ येत चालली तसा आमच्या टीमच्या लीडचा आवाज आणखी मऊ होत गेला. हा मनुष्य जॉर्डनमधल्या अम्मानचा. चिडला की हळू बोलायचा, त्यामुळे त्याच्या शांतपणाची मला जास्त धास्ती वाटायची.

एका सकाळी थोडं खेळून मी चहाला उठले, परत येऊन टेस्टिंगचा फोन उघडला, तर माझं बंदर गायब. आठवडाभर खपून उभी केलेली घरं, होड्या, दीपस्तंभ, काही नाही. रिकाम्या वाळूवर तो मुलगा एकटा उभा, आणि वर लिहिलेलं, स्वागत आहे. खेळणाऱ्या मुलाची सगळी मेहनत पुसली जाणं, याहून वाईट दोष अशा गेममध्ये नसतो. मी लगेच कळवलं. लीड येऊन शेजारी बसला आणि आमच्या धंद्यात सगळ्यात आधी जे म्हणतात तेच म्हणाला, की पुन्हा करून दाखव.

ते काही जमेना. प्रत्येक प्रयत्नाआधी फोन कोरा करायचा, गेम नव्याने टाकायचा, अशी आमच्याकडची पद्धत. मी तसं करत राहिले. गेम मध्येच बंद केला, नेट तोडलं, बॅटरी संपू दिली, खेळताना मध्येच दुसऱ्याकडून फोन करवला. बंदर जिथल्या तिथे. दोनदा दाखवता येत नाही तो दोष आमच्याकडे दोषच नसतो. त्यावर ‘रिपीट होत नाही’ असा शेरा मारून प्रकरण बंद करतात. लीडनेही केलं. सिस्टर, तुझ्याच हातून रीसेट दाबलं गेलं असेल, असं तो नेहमीपेक्षाही हळू म्हणाला.

मग माझ्या डोक्याला भुंगा लागला. खरंच मीच दाबलं का? मला दिसलं ते खरंच दिसलं होतं का? मेट्रोत उभ्या उभ्या मी ती सकाळ पुन्हा आठवायचे: शाल, चहा, फोन, वाळू. भाजी चिरताना तेच, मुलीची वेणी घालताना तेच. ती शेवटी म्हणाली, “आई, इट्स जस्ट अ गेम.” तिला काय सांगणार, की हा गेम नीट सुटला तरच तुझी शाळा सुटणार नाही? आणि गप्प बसून पास केलं, आणि उद्या हजारो मुलांची बंदरं पुसली गेली, तर पहिलं नाव माझंच निघणार होतं. बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं, आणि मी उगाचच सगळ्यांवर खेकसत होते.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. आमच्या ओट्यावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर असतं, इथल्यापेक्षा अडीच तास पुढे. इथली बरीच घरं असं एक घड्याळ ठेवतात. तिकडच्या माणसांना भलत्या वेळी फोन जाऊ नये म्हणून. त्या संध्याकाळी मी आत आले, घड्याळ बघितलं आणि क्षणभर वाटलं, की इतका उशीर कसा झाला, मुलगी अजून क्लासवरून कशी आली नाही. मग नेहमीसारखी अडीच तासांची वजाबाकी केली. ती करता करताच हात थांबला. ऑफिसातल्या त्या फोनवरही मी भारताची वेळ लावली होती. आमचे स्वतःचे फोन टेस्टिंगच्या खोलीबाहेर ठेवावे लागतात, आणि आईला दुपारच्या झोपेनंतर फोन करायचा म्हणून मला तिकडे किती वाजले ते सतत बघायची खोड. त्या सकाळी मी चहाला उठले तेवढ्यात कुणीतरी तो फोन परत इथल्या वेळेवर आणला असणार. आणि नंतर मी दरवेळी फोन कोरा करत गेले, तशी वेळही दरवेळी दोह्याचीच होत गेली. म्हणून तर ते पुन्हा दिसत नव्हतं.

गुरुवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, मी लीडला शेजारी बसवलं. भारताची वेळ लावली, खेळले, चार घरं बांधली, गेम बंद केला. वेळ दोह्याची केली, गेम उघडला. वाळू. पुन्हा केलं. पुन्हा वाळू. त्याला कारण लगेच कळलं. मुलं घड्याळ पुढे ढकलून फुकटची बक्षिसं लाटतात, म्हणून प्रोग्रामरने सोय करून ठेवली होती: जपून ठेवलेला खेळ फोनच्या घड्याळाच्या पुढच्या वेळेचा दिसला, की तो चोरीचा समजायचा आणि पुसून टाकायचा.

मला वाटलं आता तो उडी मारून उठेल. तो हळू आवाजात म्हणाला, की सिस्टर, फोनवर दुसऱ्या देशाची वेळ कोण ठेवतं? तू ठेवतेस. हा एज केस आहे, लाखात एखाद्याचा.

“ठेवत कुणी नाही,” मी म्हणाले, “पण सुट्टीला सगळे घरी जातात. परतताना विमानात मुलं हाच गेम खेळणार, तिकडच्याच वेळेवर. विमानातून उतरून इथे फोन चालू केला की घड्याळ मागे येतं.”

त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. उन्हाळ्यात अम्मान आणि दोहा यांच्या घड्याळात फरकच नसतो. तो दर सुट्टीला घरी गेला आणि आला, त्याचे काटे कधी हलले नव्हते. मी खोलीतल्यांकडे हात केला. एक नेपाळचा, एक मनिलाची, एक कराचीचा, एक ढाक्याचा. सगळ्यांची घरं इथल्यापेक्षा पुढच्या वेळेची. इथे तर लाखात एखादा असा, ज्याला कुठे परत जायचं नसतं.

त्याने कपाळ चोळलं. दुरुस्तीला वेळ लागणार, तारीख हुकणार, वरचे लोक विचारणार. मग त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. दोष किती गंभीर ते तू ठरव, तुझ्या नावावर जाईल, म्हणाला. किरकोळ म्हटलं असतं तर गेम रविवारी बाहेर पडला असता, नंतर कधीतरी दुरुस्त झाला असता, आणि मला कायम केल्याचं पत्र बहुधा त्याच आठवड्यात हातात आलं असतं. मी ‘ब्लॉकर’ निवडलं, म्हणजे हे सुधारेपर्यंत गेम बाहेर जाणार नाही. त्याने पडद्याकडे बघितलं, अरबीत “खलास,” म्हणजे संपलं, एवढंच म्हणाला, आणि उठून गेला. ते रागाचं होतं की मान्य असल्याचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खूश झाला. करायलाच हवं होतं, म्हणाला. मग रास लफानची गोष्ट निघाली: एका जोडाच्या आत बारीकशी चीर दिसली म्हणून त्याने अख्खी लाइन अडवली होती, साहेब ओरडले, हा हलला नाही. ही गोष्ट मी कैक वेळा ऐकली आहे, पण त्या दिवशी ती पुरती ऐकली. शुक्रवार-शनिवार आम्ही बरे वागलो. मुलीला घेऊन समुद्रकाठी कॉर्निशवर गेलो, कणसं खाल्ली.

रविवारी दुपारी लीडने आत बोलावलं. गेम सुट्टीनंतरच येणार. तारीख हुकल्यामुळे वरून कळवलं होतं, की या वर्षी कुणालाच कायम करायचं नाही. माझं प्रोबेशन आणखी वाढवलं. तुझी बाजू मी मांडली, असं तो म्हणाला. मांडलीही असेल. काढून टाकलं नव्हतं, ठेवलंही नव्हतं. परतताना मेट्रोत मी माझं स्टेशन सोडून पुढे गेले, आणि उलटी फिरून आले.

नवरा स्वयंपाकघरात मटकीची उसळ करत होता. मी दारातूनच सांगितलं. त्याने गॅस बारीक केला. मला वाटलं, आता म्हणेल, असू दे, बरोबर केलंस. तो पाठमोराच उसळ हलवत राहिला.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “तुझ्या जागी आत्ता मी असतो ना, तर पास केलं असतं.”

चीर दिसली म्हणून लाइन अडवणारा माणूस हे बोलत होता. मला आधी रागच आला. गुरुवारी तर कौतुक करत होतास, असं तोंडावर आलं होतं. मग त्याच्या हातातला डाव दिसला. तो कढईच्या कडेवर बारीक वाजत होता, आणि तो थांबवणं त्याला जमत नव्हतं. इतके महिने या घरात घाबरायचं काम मी एकटीच करते असं मी धरून चालले होते. तो सकाळी मुलीला बसपर्यंत सोडायचा, भाजी आणायचा, अर्ज पाठवायचा, आणि मी दमून आले की मला गोष्टी सांगून हसवायचा. त्याला काय वाटतं ते मी विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही कळू दिलं नव्हतं.

मी गॅस बंद केला. डाव त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याला खुर्चीवर बसवलं. शेवटचा इंटरव्ह्यू केव्हा झाला, असं मी विचारलं. त्याने आठवायचा प्रयत्न केला, आणि मग तो रडायला लागला.