उताऱ्याचं ऊन पाणी

घोटावड्याच्या बहिरूला कुठल्याच वस्तूचा शेवट बघवत नसे. फाटकं आधी शिवायचं, मग बैलाखाली अंथरायचं. कुजेल ते उकिरड्यात घालायचं. आणि जे ना शिवता येतं ना कुजतं, ते त्याच्या पिंपात जायचं. पिंप डांबराचं, रस्त्याच्या कामावरून आणलेलं. आत मोडक्या गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेची जाळी, वर तांब्याचा हंडा, बाजूला पत्र्याचं धुराडं. झिजल्या वहाणा, चिंध्या, मोडकी सुपं, सगळ्याचं बहिरू ऊन पाणी करी.

"मानूस जळला की राख हुती. वहाण जळली की आंगूळ हुती," तो म्हणे.

"मंग तुमचं काय करायचं, त्ये आत्ताच सांगून ठिवा," बायको धोंडाबाई म्हणे.

तिठ्यावर लोक करणीचे उतारे टाकत: नारळ, लिंबं, टाचण्या टोचलेल्या काळ्या बाहुल्या. गाव वळसा घालून जाई. बहिरू पाटीत भरून आणी. गावाचं दुखणं हेच त्याचं सरपण.

मार्गशीर्षात लेक सोनीच्या लग्नाला माणहून वऱ्हाड आलं. लाकूडफाटा सगळा स्वयंपाकाला गेला. वऱ्हाडाच्या न्हाणीचा भार पिंपावर. वरमाय तुळजाबाई पहिल्यांदा न्हाणीत शिरली. तिचे मालक हैबतराव हात शेकायला पिंपापाशी आले आणि वाकले. जाळातून अर्धी जळलेली बाहुली त्यांच्याकडं बघत होती.

"ह्ये काय वं, इवाई?"

"सरपन. तिठ्यावरनं आनलंय. लई वाळल्यालं हाय."

हैबतरावांनी हळदीनं माखलेल्या पोराचा दंड धरला. "करनीच्या पान्यानं माजा ल्योक न्हानार न्हाई! जुंपा गाड्या!"

बहिरू हैबतरावांपुढं आडवा आला. मांडवात सोनी मुंडावळ्या बांधून बसली होती.

"करनी जळली न्हवं इवाई? राखंला कुनाचं नाव ठावं आसतंय?"

"आन् धूर? धूर कुटं ग्येला?"

धूर माणच्या दिशेला चालला होता.

तेवढ्यात तुळजाबाई केस पिळत बाहेर आली. "कशाचा वरडा? म्या तर त्याच पान्यानं न्हाले."

हैबतराव तिच्यापासून पाऊलभर सरकले. "मंग? काय हुतंय का?"

"हुतंय की. धाकट्याच्या येळंपास्नं धरल्याली कंबर सुटली. ह्ये बगा!" ती वाकली, जमिनीला हात लावून सरळ उभी राहिली. "करनी जळली, तिच्यासंगं दुखनंबी जळलं."

वऱ्हाडातल्या बायकांनी हे पाहिलं आणि न्हाणीपुढं रांग लागली. गाड्या जुंपल्या होत्या, पण बसायला कोणी येईना. नवऱ्या मुलाला आईनंच ओढत नेऊन घंगाळासमोर बसवलं. पोर खळखळून न्हालं; मुहूर्त साधला.

शेवटी, सगळे मांडवात गेल्यावर, हैबतराव धोतर गुडघ्यावर घेऊन दगडावर टेकले.

"इवाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ह्यो गुडगा लई छळतोय. ती बावली समदी जळली का?"

बहिरूनं काडीनं जाळ ढोसला. "पाय भाईर ऱ्हायल्यात."

"मंग ढकला की आत! वाट कुनाची बगताय?"