ब्रेकताईंची तारीख

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकताईंनी शिकवलं. मलाही. शिकवताना दर दोन मिनिटांनी त्या शांतपणे "ब्रेक" म्हणायच्या, म्हणून हे नाव पडलं आणि त्यांनीही ते हसत घेतलं. बावीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही चलान नव्हतं. त्याचा अभिमान होता, पण बोलून दाखवायच्या नाहीत.

त्या वर्षी साठीला टेकलेल्या एक निवृत्त शिक्षिका त्यांच्याकडे शिकायला आल्या. नवऱ्याची नजर अधू झाली होती, दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या, आणि दर वेळी जावयाला रजा टाकायला लावणं बाईंच्या जिवावर यायचं. पहिले पंधरा दिवस त्यांनी स्टिअरिंग असं घट्ट धरलं, की जणू सोडलं तर ते पळूनच जाईल. सोळाव्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता गाडी सफाईनं छापखान्याच्या रस्त्याला वळवली आणि पन्नास पावलांवर हवालदारानं हात केला. रस्ता एकेरी होता. त्या उलट्या दिशेनं शिरल्या होत्या.

ताई उतरल्या, 'प्रवेश बंद'ची पाटी दिसली नाही म्हणाल्या. सगळे असंच म्हणतात, असं हवालदारानं सांगितलं. शिकाऊ माणसाची जबाबदारी शिकवणाऱ्यावर, म्हणून चलान ताईंच्या नावे फाडलं गेलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला, आता मी काही शिकत नाही.

चलानापेक्षा हा निरोप ताईंना जास्त लागला. वळण्याआधी आपण पाटीसाठी नजर टाकली होती आणि खांबावर पत्र्याची नुसती कड दिसली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तिसऱ्या दिवशी फोटो काढायला गेल्या, तर पाटी लख्ख समोर तोंड करून उभी. ताई बघतच राहिल्या. आपलंच चुकलं की काय? दंड भर आणि मोकळी हो, असं नवरा म्हणाला. ओळखीच्या वकिलानंही तेच सांगितलं. पुरावा काय दाखवणार तुम्ही?

"दंड भरला तर बाई चुकल्या असं ठरेल," ताई म्हणाल्या. "त्या चुकल्या नव्हत्या."

तारखेला त्या दहा वाजता कोर्टाच्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारचा माणूस आपली कैफियत पुटपुटत घोकत होता. पुकारा होईपर्यंत ताईंनाही ती अर्धी पाठ झाली. तीन वाजता त्यांचं नाव आलं. त्यांनी पाहिलं तेवढं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पाटी सरळ होती, हेही लपवलं नाही.

न्यायाधीशांनी मान वर केली. "मग मी काय समजायचं?"

"मला ठाऊक नाही, साहेब. त्या दिवशी मात्र ती दिसत नव्हती."

हवालदाराला बोलावलं. त्यानं खिशातून एक लहान डायरी काढली.

"साहेब, ती पाटी मीच सरळ केली."

मग त्यानं सगळं सांगितलं. चलान फाडल्यावर त्याच दुपारी आणखी तिघं तसेच शिरले, तेव्हा त्याला शंका आली. चौकात येऊन पाहतो तर कुठल्याशा ट्रकचा धक्का बसून पाटी भिंतीकडे फिरलेली. तिघांना त्यानं सोडून दिलं, छापखान्यातून पाना मागून आणला, पाटी जागेवर घट्ट बसवली आणि वेळ टिपून ठेवली. फाडलेलं चलान रद्द करणं त्याच्या हातात नव्हतं, म्हणून तो या तारखेची वाट पाहत होता.

न्यायाधीशांनी डायरीतली ती नोंद वाचली आणि चलान रद्द केलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

बाहेर नळावर हवालदार पाणी पीत होता. ताई त्याच्याजवळ गेल्या. तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

"तुम्ही दंड भरून टाकला असता तर मलाही बोलायला जागा राहिली नसती," तो म्हणाला. "आलात ते बरं केलंत, ताई. ते चलान मला खुपत होतं."

आभार नीट मानताच आले नाहीत, अशी चुटपुट ताईंना आजही आहे. त्या माणसाबद्दल सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

कोर्टातून त्या घरी गेल्याच नाहीत. थेट बाईंकडे गेल्या आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या, डोळे भरून आले तरी पुसले नाहीत. आतल्या खुर्चीतून त्यांच्या नवऱ्यानं विचारलं, "मग उद्या किती वाजता?"

"साडेसात," ताई म्हणाल्या.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "सातला या," त्या म्हणाल्या, "तेव्हा रस्ता मोकळा असतो."