गार्ड कोणी लावला?

पंच्याऐंशीच्या सुमारास गावच्या कच्च्या घाटरस्त्यासाठी मी घाटकोपरच्या एका मेकॅनिककडून मोटरसायकलला जाडजूड लोखंडी गार्ड बसवून घेतला. त्या दिवसापासून मागचा ब्रेक नीट लागेना. आठवड्याने मी मुलुंडहून, वाटभर शिव्या पाठ करत, भांडायलाच गेलो.

त्याने मला ओळखलं नाही. मी तोंड उघडायच्या आत तो बिडी कानामागे खोचून उकिडवा बसला आणि ब्रेकचं पेडल हाताने दाबलं. टक्! पेडल अर्ध्यातच गार्डच्या नळीवर आपटलं.

तो भडकला. "पडल्यावर पाय वाचावा म्हणून गार्ड लावतात, आणि या गाढवाने ब्रेकच अडवून ठेवलाय! पाना कोणी दिला रे त्याच्या हातात? कोण तो?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

त्याने वाकून पाहिलं. नटाखाली सायकलच्या ट्यूबची चकती होती. ती घालायची खोड त्याचीच. मग तो माझ्यावरच ओरडला, "मग आल्या आल्या माझी कॉलर का नाही धरलीस? घाटात मेला असतास ना!"

गार्ड उतरवेपर्यंत तो स्वतःला शिव्या घालत होता. माझ्याकडे एकही उरली नाही.