विनू दुसऱ्याच्या जहाजावर

आज सकाळपासून धुकं असं, की समोरच्या दुबेजींचं फाटक दिसत नाही. कानाला मफलर गुंडाळून आम्ही तिघं म्हातारे ओट्यावर उन्हाची वाट पाहून राहिलो. अशा बसण्यात किस्से साचतातच. त्यात माझा विनू गेला दक्षिण ध्रुवाच्या समुद्रावर, मग काय! त्याचा एक फोन ओट्याला आठवडाभर पुरतो.

*

विनू माशांचं शिकला. तिथं परक्या देशाच्या मासेमारी जहाजावर तो निरीक्षक आहे. बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं म्हणे, जहाजावर दुसऱ्या देशाचा माणूस बसेल अन् किती मासे धरले ते लिहील.

मी विचारलं, "त्यांच्याच देशाचा माणूस काहून नाही चालत?"

दुबेजी शेजारी, फॅक्टरीतून रिटायर झालेले. मस्करीशिवाय तोंड उघडत नाहीत. म्हणाले, "भाऊसाहब, सास कभी दामाद का घी नापती है?"

*

एकदा विनू म्हणाला, "बाबा, पाणी गरम होऊन राहिलं. मासे आणखी दक्षिणेकडे सरकले, अन् जहाजं त्यांच्या मागं. नकाशात जिथं बर्फ आहे, तिथं आम्ही तरंगून राहिलो."

देशमुख रेल्वेतले. लगेच बोलले, "म्हणजे सिग्नल जुना अन् गाडी पुढं!"

सगळे हसले. माझा चहा मात्र कपातच राहिला.

*

विनूची आई त्याच्यासाठी स्वेटर विणत होती. बर्फ वितळतो ऐकून म्हणाली, "बरं झालं, पोराला थंडी कमी!"

पुढच्या फोनवर विनूनं सांगितलं, बाजारातल्या कमानिया गेटपासून आपल्या घरापर्यंत पुरेल एवढा बर्फाचा तुकडा जहाजाजवळून गेला. आवाज नाही, काही नाही. तिनं सुया खाली ठेवल्या. स्वेटर अजून तसाच आहे.

*

मासे वाढावेत म्हणून समुद्राचा काही भाग मासेमारीला बंद ठेवतात. ते ठरवायला सगळे देश एकत्र बसतात. सगळे राजी झाले तरच ठरतं. एकानं नाही म्हटलं की संपलं.

"सब राजी?" दुबेजी उडालेच. "अरे, हमारी गली में नल का टाइम आज तक तय नहीं हुआ!"

*

परवा फोन आला. विनूचा आवाज बारीक.

"बाबा, बंद पाण्यात गळ सोडले यांनी. कॅप्टन म्हणे, लिहू नको."

"मग?"

"लिहिलं मी. पाठवलं पण. त्याले समजलं."

"आता उतरून जा बाबू!"

"कुठं उतरू? किनारा लई दूर आहे बाबा. तोवर यांच्यातच."

मागून कोणी तरी परक्या भाषेत ओरडलं. फोन कटला. तेव्हापासून लावून राहिलो, लागत नाही.

आज ओट्यावर हे सांगितलं. देशमुख म्हणाले, "बरोबर केलं पोरानं." मी दुबेजींकडं पाहत होतो. काही तरी मस्करी करतील, थोडं हसू येईल, जीव हलका होईल. त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याजवळ सरकले अन् हळूच बोलले,

"भाऊसाहब, फोन लगे तो बोलना, रेलिंग के पास अकेला खड़ा न रहे."