छागलीतले पाणी आणि उत्तरेचा समुद्र

प्रश्न असा होता: उत्तरेकडचे समुद्र आमच्या अहवालात लिहिले होते तितके खरोखरच तापले आहेत, की त्या वाढीतला काही भाग पाणी मोजण्याची भांडी बदलल्यामुळे दिसतो?

समुद्रविज्ञान हा माझा व्यवसाय आहे. वर्षातले दहा महिने मी परदेशातल्या एका संस्थेत काम करते आणि उरलेले दोन महिने माझ्या गावी, वैशाखऱ्याला, आईजवळ राहते. घरी इंटरनेट टिकत नाही, म्हणून सकाळच्या एस. टी.ने मुरबाडला जायचे, तिथल्या भाड्याच्या खोलीत जुन्या जहाजांच्या नोंदवह्या संगणकावर तपासायच्या आणि संध्याकाळी परत यायचे, असा त्या एप्रिलमधला क्रम होता. अहवाल तयार होता. गटातल्या सर्वांच्या सह्या झाल्या होत्या. माझी तेवढी राहिली होती.

सही अडली ती एका साध्या गोष्टीवर. जुने खलाशी कॅनव्हासच्या बादलीने समुद्राचे पाणी वर ओढत आणि डेकवर त्यात तापमापक बुडवत. पुढे जहाजात पाणी आत घेणाऱ्या नळातच तापमापक बसवला गेला. आमच्या आलेखातली सर्वांत मोठी चढण नेमकी बादली जाऊन नळ आला त्या वर्षांत होती. आम्ही त्यासाठी दुरुस्ती केली होती, पण ती करताना बादलीतले पाणी डेकवरच्या वाऱ्यात एकच मिनिट गार होत राहिले असे धरले होते. ते एक मिनिट कोणी ठरवले, हे कोणालाच सांगता येईना.

गटाच्या प्रमुख बाईंना मी हे कळवले. त्या म्हणाल्या, "हा आकडा मी परिषदेत सांगून बसले आहे. आता शंका काढण्याची ही वेळ आहे का?" मला हे उत्तर आवडले नाही. शंकेला वेळ नसते, असे मी शाळेत शिकले होते.

टोकावड्याच्या रस्त्यावर अनेक वर्षे जीप चालवलेले माझे काका शेजारीच राहतात. ते रोज विचारत, "काय गो, तुझा समुद्र तापला का नाय अजून?"

"तापलाय, काका. किती तापलाय ते बघतेय."

"समुद्र तिकडं बर्फात, तू इथं डोंगरात. आन् पगार कोण देतो तुला? कुठं काय घोटाळा तर नाय ना?"

शंका घेण्याचा गुण आमच्या घरात कोणाकडून आला, हे त्यातून स्पष्ट व्हावे. मी त्यांना बादलीची गोष्ट सांगितली. ते उठले आणि माळ्यावरून एक धुळकट छागल घेऊन आले. छागल म्हणजे जीपच्या पुढे टांगायची कॅनव्हासची पाणपिशवी. वारा लागला की तिच्या ओल्या कापडातून पाणी झिरपून उडते आणि आतले पाणी गार होते.

"घाट चढेस्तवर असं गार व्हायचं की दात शिवशिवत," काका म्हणाले. "तुझ्या खलाशांना एवढं पन ठावं नव्हतं?"

खलाशांना ठाऊक असावे. लिहून ठेवलेले मात्र सापडत नव्हते.

मी प्रयोग ठरवला. आमच्या विहिरीचे पाणी रोज दुपारी एकदा छागलीत आणि एकदा स्टीलच्या बादलीत काढायचे, दहा मिनिटे वाऱ्यात ठेवायचे आणि तापमापक लावायचा. दुपारी मी मुरबाडला असे, म्हणून हे काम आईने अंगावर घेतले. तिच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते आणि आता आपल्याला बारीक रेघासुद्धा दिसतात याचा तिला अभिमान होता. मी वहीत दोन रकाने आखून दिले.

आठ दिवसांनी वही पाहिली आणि चरकले. दोन्ही रकान्यांत रोज एकच आकडा होता. छागल पंचवीस, बादली पंचवीस. दुसऱ्या दिवशी साडेपंचवीस, साडेपंचवीस. निसर्ग इतका नेटका कधीच नसतो. इतके नेटके आकडे मी फक्त घरी बसून प्रयोगवही भरणाऱ्या मुलांकडे पाहिले होते.

"आई, एकदाच मोजून दोन्हीकडे लिहितेस का?"

ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजे? खोटं लिवते मी?"

"तसं नाही म्हणत..."

"मग कसं म्हनतेस? आठ दिस उन्हात उभी ऱ्हायले. लोकांच्या समुद्रावर इश्वास हाय, आयवर नाय."

त्या रात्री तिने मला वाढले, पण आणखी हवे का हे विचारले नाही. मला वाईट वाटले. तरीही शंका गेली नाही, हेही इथे लिहिले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडला गेले नाही. परसातल्या आंब्याखाली नोंदवही उघडून बसले आणि आईकडे पाहत राहिले. तिने छागल विहिरीत सोडली, वर काढली आणि खुंटीला टांगली. घड्याळ पाहून बरोबर दहा मिनिटे थांबली. मग मडक्याच्या तोंडावर धुवट फडके बांधून ते पाणी त्यात गाळले. गाळ खाली बसावा म्हणून मडके ओट्यावर ठेवले आणि गाईला पेंढा घालून आली. त्यानंतर तापमापक बुडवला, चष्मा वर सरकवला आणि आकडा लिहिला. पाणी तुळशीला घातले. पुढे बादलीचे पाणी काढले आणि त्याच मडक्यात, त्याच रीतीने गाळून मोजले.

"आई, गाळतेस का?"

"मग? एप्रिलचं पानी, खाली चिखल. तुझी म्हागाची काच त्यात घालू? आमी न गाळता पानी घेत नाय कदी."

वहीतला एकही आकडा खोटा नव्हता. फडक्यातून गळताना आणि मडक्यात थांबताना दोन्हीकडचे पाणी सारखेच होत होते, आणि दोन्ही रकान्यांत तिने ते मडक्याचे तापमान इमानाने नोंदवले होते. 'गाळू नये' हे मी लिहून दिले नव्हते. चूक माझी होती. तसे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "आता लिवून दे. सगळं लिव. माज्या डोक्यात काय चाललंय त्ये तुला कसं कळनार?"

तिथेच मला माझ्या खलाशांचा संशय वेगळ्या रीतीने आला. तेही प्रामाणिक होते. पण बादली वर आल्यानंतर ते आधी काय करत? दोर गुंडाळत? हातमोजे काढत? ते एक मिनिट मी बसवलेले होते, जसे आई सरळ तापमापक बुडवते हे मी गृहीत धरले होते.

पुढचे चार दिवस प्रयोग न गाळता झाला. छागलीतला पारा रोज बादलीतल्या पाऱ्याच्या खाली राहिला, आणि वारा असलेल्या दुपारी आणखी खाली गेला. हे सूत्र हाती येताच मी जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. वेळ कोणी लिहिली नव्हती, पण वारा प्रत्येक खलाशाने लिहिला होता. वाऱ्याचे दिवस आणि शांत दिवस वेगळे केले. वाऱ्याच्या दिवशी कॅनव्हासचे पाणी ठळकपणे थंड दिसत होते. त्याच भागातल्या नळाच्या नोंदींत तसा फरक जेमतेम होता. एका मिनिटात पाणी एवढे गार होत नाही; ते डेकवर जास्त वेळ थांबले होते. म्हणजे जुना समुद्र आमच्या कागदावर होता त्याहून थोडा उबदार होता, आणि वाढ आम्ही लिहिली होती त्याहून कमी.

कमी, शून्य नव्हे. हे मी तीनदा तपासले, कारण मला हवे तेच उत्तर आले की मी सावध होते. भांड्याशी संबंध नसलेला एक साक्षीदारही होता. त्या समुद्रात तांदळाच्या कणीएवढे, चरबीने भरलेले जीव असतात आणि माशांची पिल्ले वसंतात त्यांच्यावर वाढतात. जाळ्यातल्या मोजणीत हे जीव उत्तरेकडे सरकलेले होते. त्यांच्या जागी उबदार पाण्यातले, कमी चरबीचे आणि उशिरा वाढणारे जीव आले होते. त्यांना बादली कोणती हे ठाऊक नसते. जाळी बदलली होती का, हेही मी पाहिले. बदलली नव्हती.

प्रमुख बाईंना नवा तक्ता पाठवला. त्यांचा फोन आला.

"आकडा खाली येईल," त्या म्हणाल्या.

"येईल."

"लोक म्हणतील, आधी जास्त का सांगितला."

"सांगू, की मिनिट आम्ही धरले होते."

अहवाल मागे घेऊन दुरुस्त झाला. मी सही केली. काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तापलाय, पन तू म्हनत होतीस तेवढा नाय. मला आधीच वाटलं व्हतं." त्यांना काय वाटले होते हे मी विचारले नाही.

वाचकांना विनंती आहे की यावर माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवू नये. छागल नसेल तर मातीचे मडके घ्यावे, शेजारी स्टीलची बादली ठेवावी, दोन्हींत एकाच विहिरीचे वा नळाचे पाणी भरावे, वाऱ्यात दहा मिनिटे ठेवावे आणि जिथल्या तिथे तापमापक लावावा. पाणी गाळू नये. काय केले ते सर्व क्रमाने लिहावे, आणि मगच माझे म्हणणे खरे की खोटे ते ठरवावे.