वीस उंदरांना सारखंच औषध

हसायचं असेल तर हसा, पण आधी माझा संताप नीट समजून घ्या.

पेनिसिलिनचं नाव नवंनवं होतं, तेव्हाची गोष्ट. पनवेलला एका औषधाच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. डॉक्टरसाहेब तिथे नवं औषध पारखत होते. म्हणजे काय, तर वीस पांढऱ्या उंदरांच्या पोटात सुईने रोगाचे जंतू सोडायचे. मग डाव्या पिंजऱ्यातल्या दहांना औषधाचे चार-चार थेंब आणि उजव्या पिंजऱ्यातल्या दहांना नुसतं मिठाचं पाणी. पाजायचं काम माझं.

आता सांगा, आजारी सगळेच, मग औषध निम्म्यांनाच का? मी जन्मभर लग्नाकार्यात पंगती वाढलेला माणूस. एकाच्या पानात जिलबी आणि शेजारच्याला कोरडा भात, हे माझ्या हातून व्हायचं?

त्यात झाडलोट करणाऱ्या, कोन गावच्या गोमाबाई.

"दादा, यांना दवा नि त्यांना निस्तं पानी? ते काय सावत्र हायेत?"

"साहेबांचा हुकूम आहे, बाई."

"सायेब काय बगायला येतो? बाटली तुमच्या हातान हाय ना?"

झालं. बाटलीत औषध मोजकंच होतं. मी वीसही उंदरांना दोन-दोन थेंब पाजले. दोन दिवस, न चुकता. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी वीसच्या वीस मेलेले.

मी असा भडकलो, की तडक साहेबांच्या खोलीत शिरलो. औषध निकामी आहे, काम बंद करावं, असं ते पडेल चेहऱ्याने लिहीत होते. दोन वर्षं खपले होते बिचारे त्यावर.

"लिहा, लिहा. औषध कसलं, गटाराचं पाणी आहे ते," मी म्हणालो.

"उजवीकडचे मरणारच होते हो. त्यांच्याशी ताडून तर बघायचं असतं. पण डावीकडचे का मेले?"

"मला काय विचारता? मी स्वतः वीसही जणांना सारखं वाटून दिलंय. कुणावर अन्याय नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"किती थेंब?"

"दोन-दोन." हे सांगतानाही माझी मान ताठ होती, बरं का.

त्यांनी लिहिलेला कागद फाडला.

पुढच्या महिन्यात पुन्हा वीस उंदीर आले. या वेळी थेंब साहेबांनी स्वतः मोजले. डावीकडचे नऊ जगले, पिंजऱ्यात नुसता धुडगूस.

त्या संध्याकाळी घरी जाताना डोकं तेवढंच तापलेलं होतं. फक्त राग काढायला माणूस एकच सापडत होता, आणि तो माझ्याच चपला घालून चालला होता.