काहून, काहून, काहून, घे!

फिरोजचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वह्या तपासत होतो. एका पोरीनं निबंधात 'मले गाय आवडते' असं लिहिलं होतं आणि मी त्या 'ले'भोवती लाल गोल काढत होतो. बारा वर्षं हेच करतोय, माझी भाकरी त्या लाल गोलावर चालते. पेन वहीतच ठेवून फोन उचलला. फिरोज म्हणाला, "गज्या, राजा गेला बे." मी विचारलं, "कुठी गेला?" ...आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण राजा नेहमी कुठं ना कुठं गेलेलाच असायचा, या खांबावरून त्या खांबावर. फिरोज म्हणाला, "डीपीच्या खांबावर होता. लाइन बंद करूनच चढला होता म्हन्तेत. कोनं तरी सोडली." वर्गात पोरं मोठ्यानं पाढे म्हणत होती. मी त्यांना गप्प बसा म्हणालो नाही.

राजरत्न त्याचं नाव, आम्ही राजा म्हणायचो. गावचा झिरो वायरमन. पुण्या-मुंबईच्या वाचकाला झिरो वायरमन म्हणजे काय ते सांगावं लागेल. वीज खात्याचा लाइनमन एक आणि त्याच्या गळ्यात गावं दहा-बारा. मग प्रत्येक गावात एक माणूस असा असतो, जो खांबावर चढतो, फ्यूज टाकतो, वादळात तुटलेल्या तारा ओढतो आणि ज्याचं नाव कोणत्याच रजिस्टरात नसतं. म्हणून झिरो. राजा गेल्यावर साहेबलोक आले, खांबाकडं मान वर करून बघितलं आणि 'हा आमचा माणूस नाही' म्हणून परत गेले. कागदावर तो त्यांचा नव्हता हे खरंच आहे. आणि मेडशीपासून पार वाशीमपर्यंत लग्नाच्या वरातीत अजून जे गाणं वाजतं, त्या गाण्यावरही त्याचं नाव नाही. तिथं माझं आहे. हा लेख त्याबद्दलच आहे, तेव्हा आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमचं गाव मेडशी फाट्यावरून आत. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. गावात विहिरी दोन, एक वरली आणि एक खालची. आम्ही कुणबी, आमचं पाणी वरल्या हिरीचं. राजाचं घर बौद्धपुऱ्यात, त्यांचं खालच्या हिरीचं. पाचवीत असताना एकदा आम्ही दोघं शाळेतून धावत माझ्या घरी आलो, तहानेनं जीव कासावीस झालेला. आईनं मला तांब्या दिला. राजाला म्हणाली, "ओंजळ धर बापू," आणि वरून धार सोडली. मायेनंच सोडली हेही सांगतो, माझी आई काही दुष्ट नव्हती. राजा पोटभर प्याला, चड्डीला हात पुसले आणि गल्लीत आल्यावर म्हणाला, "तुले तांब्या, मले ओंजळ. काहून बे?" मी म्हटलं, "तांब्या घासायचा राह्यला होता." त्याच तांब्यानं मी नुकताच प्यालो होतो. पाचवीतल्या पोराला एवढं गणित येतं. आम्ही पुन्हा खेळायला गेलो.

त्याच्या घरात सूर होता. बाबा गायन पार्टीत पेटी वाजवायचे, आई जात्यावर नाही तर चुलीपाशी गात असायची. पण आम्हाला नाद लागला तो फिरोजमुळं. वाशीमकडच्या मालेगावला स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान, तिथं मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. भक्तिगीतं, भीमगीतं, कव्वाली, आणि एका कोपऱ्यात 'आदळआपट' नावाचं फोल्डर. त्यात सगळी इंग्रजी गाणी. शब्द कळत नव्हते, पण कोणीतरी कशावर तरी खच्चून चिडलंय एवढं कळायचं आणि तेवढं आम्हाला पुरे होतं. या प्रकाराला रॉक म्हणतात हे आम्हाला पार उशिरा समजलं. अकोल्याचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांचा जुना ड्रमसेट आम्ही टेम्पोत घालून आणला आणि राजाच्या घरामागच्या टिनाच्या खोलीत मांडला. तो गिटार वाजवायचा आणि गायचा, फिरोज बास, मी ड्रम. बँडचं नाव राजानं ठेवलं, 'काहून', म्हणजे तुमच्या भाषेत 'का'. लोक गाणं सुरू करताना वन-टू-थ्री-फोर म्हणतात ना, तसं आमच्यात नव्हतं. राजा पायानं ताल धरायचा आणि म्हणायचा, "काहून, काहून, काहून, घे!" त्या 'घे'वर माझी काठी पडायची. सात वर्षांत ती एकदाही चुकली नाही.

गाणी तोच लिहायचा, जशी तोंडात यायची तशी. त्यातलं एक असं होतं:

मले बी तहान, तुले बी तहान,
गावात हिरी दोन, काहून?

बस, एवढंच. हेच पुन्हा पुन्हा. दर वेळी 'काहून' म्हटलं की तो थांबायचा, मी एकटा चार ठोके वाजवायचो आणि मग तो पुढं सुरू करायचा. किन्हीराजा गावात एका संध्याकाळी आम्ही हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. आधी तर लाइनच गेली. राजा गिटार खाली ठेवून स्वतः खांबावर चढला, तार जोडली, काळ्या हातांनी उतरला आणि तसाच गायला उभा राहिला. पुढं बसलेले एक आजोबा शेजाऱ्याला विचारत होते, "हे पोट्टे गाऊन राह्यले का भांडून राह्यले?" हसाहशी झाली. पण गाणं संपलं तेव्हा कोणी हसत नव्हतं. टाळ्याही नव्हत्या. मागून एक म्हातारी तेवढी म्हणाली, "खरं हाये बाप्पा." राजानं वळून माझ्याकडं पाहिलं. त्याचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही, लेकराला पहिल्यांदा चालता यावं तसा झाला होता तो.

माझ्या बाबांपर्यंत ही खबर दुसऱ्या दिवशी पोचली. ओरडले नाहीत. म्हणाले, "कोनत्या गावात दोन हिरी हाये हे लोकायले कळत नाई का? आपल्याच घराची इज्जत चव्हाट्यावर मांडून राह्यला तू." त्यानंतर मी जेवायला बसलो की ते ताट सरकवून उठायचे. महिनाभर उठले. माणसानं ओरडावं, दोन लगावाव्यात, ते सोसतं. भरलं ताट टाकून उठणाऱ्या बापापुढं घास गिळून बघा... मी गिळत होतो, पण आतून पार मोडलो होतो.

अशातच पुण्याच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं. कोणीतरी मोबाइलवर आमचं गाणं तिथपर्यंत पोचवलं होतं. तिथला माणूस भला होता, हे आज मुद्दाम लिहितो, कारण बारा वर्षं मी त्याच्यावर नसता आळ घेतला. तो म्हणाला, "गाणं जबरदस्त आहे. फक्त ते मले-तुले लोकांना विनोदी वाटेल. तुमच्यात शुद्ध कोण बोलतं?" राजा आणि फिरोज दोघांनी माझ्याकडं पाहिलं. माझं डी.एड. झालं होतं ना! राजा म्हणाला, "गा मास्तर. तुले जमते." आणि फिरोजला घेऊन खाली चहाला गेला. 'मले'चं 'मला' होताना ऐकायला तो थांबला नाही. त्या माणसानं विहिरींना हातही लावला नव्हता, उलट त्या दोन विहिरी फार चांगल्या आहेत म्हणाला होता. मी माईकसमोर उभा राहिलो आणि मला समोर बाबांचं ताट दिसलं. मीच म्हणालो, "सर, गावात नको. डोळ्यांत करू." त्यानं खांदे उडवले. दोन मिनिटांत काम झालं. 'मलाही तहान, तुलाही तहान, डोळ्यांत विहिरी दोन...' विहिरींचं प्रेमगीत झालं. 'काहून'लाही जागा उरली नाही.

राजा वर आला, स्पीकरमधून गाणं ऐकलं. पूर्ण ऐकलं. मग मला विचारलं, "हे कोनं केलं?" मी म्हटलं, "त्यायनंच. गावाचं नको म्हने." तो "बरं" म्हणाला. नावं लिहायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "माहं नको टाकू. हे माहं नाई."

भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं. झालं नाही. बँड असा तुटला की नेमका कधी तुटला ते आम्हा तिघांनाही सांगता येणार नाही. मला इंझोरीकडं शाळा मिळाली, ड्रमसेट 'पुढच्या रविवारी नेतो' म्हणून राजाच्या टिनाच्या खोलीत राहिला तो राहिलाच. तो पोटासाठी रोज खांबांवर चढायला लागला. आणि ते गाणं, मेलं, चाललं! डीजेवाल्यांनी उचललं, वरातीत पोरं-पोरी दोन बोटं डोळ्यांपुढं धरून त्यावर नाचायला लागली. मांडवाची लाइन जोडायला राजालाच बोलवायचे. तो खांबावर, खाली त्याचं गाणं, आणि त्या गाण्यात तोच नाही. कधी मी लग्नात भेटलो तर म्हणायचा, "मास्तर, तुह्यं गानं वाजून राह्यलं." टोमणा मारला असता तर मी काहीतरी उलटं बोललो असतो. तो साधंच बोलायचा.

शेवटची भेट मेडशी फाट्यावर झाली, तो जाण्याच्या तीनेक आठवडे आधी. मी एसटीची वाट बघत होतो, तो वर खांबावर होता. वरूनच हाक मारली, "काहून बे मास्तर!" इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, तुरीवर अळी पडली, फिरोजला दुसरी मुलगी झाली. पक्कड फिरवता फिरवता, खाली न बघता त्यानं विचारलं, "मास्तर, डोयात हिरी... हे कोनाले सुचलं असंन बे?" बारा वर्षांत पहिल्यांदा. आसपास कोणी नव्हतं. माझ्या बाबांना जाऊन पाच वर्षं झाली होती, कोणाला भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. मी वर बघितलं, उन्हात त्याचा चेहरा दिसत नव्हता. म्हटलं, "त्या स्टुडिओवाल्याले, दुसऱ्या कोनाले?" तो हसला. "डोकं हाये पन त्याले," म्हणाला. तेवढ्यात माझी बस आली. मी हातसुद्धा केला नाही.

राजाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेलो. विहारासमोर मंडप होता, वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. राजा कसा आडवेळी धावून यायचा, कसा कोणाला नाही म्हणायचा नाही. बँडचा शब्द कोणी काढला नाही. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी शुद्ध मराठीत दोन शब्द बोललो आणि खाली बसलो. लाज वाटली स्वतःची.

लोक पांगल्यावर प्रतिभावहिनी, राजाची बायको, मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. ड्रमसेट तिथंच होता, त्यांच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला. लुगडं काढलं तर एका चकतीवरही धूळ नव्हती. "दर रविवारी पुसत जाये," त्या म्हणाल्या. "मास्तर नेईन म्हने एखांद्या दिवशी." मग त्यांनी त्याचा मोबाइल पुढं केला. काच तडकलेली. "भाऊजी, ह्याच्यात त्याचं गानं हाये. रविवारी अथी बसून मोबाइलात भरे. एकच गानं, किती खेपा भरलं असंन. पन म्हन्ता म्हन्ता मधातच थांबते हा. मले वाटे, इसरला. तुमी आयका बरं. काहून थांबते?"

त्यांनी बटण दाबलं. आधी पायाचा ठेका, मग राजाचा आवाज. काहून, काहून, काहून, घे! आणि गिटार. मले बी तहान, तुले बी तहान, गावात हिरी दोन, काहून... आणि थांबला. टिनावर चिमण्यांची नखं वाजत होती, तीही त्यात भरली गेली होती. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा गिटार.

"इसरला नाई वहिनी," मी म्हटलं. "तथी ड्रम हाये. माहा."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "मंग वाजवा ना." आणि मला एकट्याला सोडून बाहेर गेल्या.

मी स्टुलावर बसलो. काठ्या जिथं ठेवल्या होत्या तिथंच होत्या. मोबाइल मांडीवर ठेवून गाणं पहिल्यापासून लावलं. काहून, काहून, काहून... सात वर्षं मी ते मोजणी म्हणून ऐकलं होतं. त्या खोलीत पहिल्यांदा कळलं की तो विचारतोय. 'घे' आलं, काठी उचललीच गेली नाही. ओळ आली, विहिरी आल्या, तो थांबला, चार ठोक्यांची जागा सोडून थांबला. मी म्हटलं, "राजा, स्टुडिओवाल्यानं नाई बे. डोयात म्या केलं. म्या..."

एवढंच मावलं. गिटार सुरू झालं आणि तो पुढची ओळ म्हणू लागला. मले बी तहान, तुले बी तहान, गावात हिरी दोन, काहून?